धूळकिड्यांची ॲलर्जी
घरातील धुळीतल्या सूक्ष्म, आठपायी किड्यांच्या विष्ठेतील प्रथिनांमुळे नाक, डोळे व श्वासनलिकांत उद्भवणारी अतिसंवेदनशील प्रतिक्रिया.

१९६० च्या दशकात नेदर्लंड्समधील लायडन येथे फोरहोर्स्ट व स्पीक्समा यांनी धुळीच्या ॲलर्जीचा संबंध या किड्यांशी जोडला. सुमारे ०.३ मिमी. लांबीचा हा जीव माणसाच्या गळालेल्या त्वचेवर जगतो, मुक्काम गादी-उशीत.

हिवाळ्यात खिडक्या बंद होतात आणि पावसाळाभर पेटीत दमटलेल्या गोधड्या बाहेर निघतात. अंथरूण झटकताच शिंकांची सरबत्ती, नाकाला खाज, पाण्यासारखा स्राव. ताप मात्र नाही. साधी सर्दी बहुधा आठवडा-दहा दिवसांत ओसरते, हा त्रास रेंगाळतो (पहा : दमा, सर्दी).

निदान त्वचाचाचणीने होते. कडक उन्हात किडे मरतात, पण प्रथिने उरतात. त्यामुळे चादरी-अभ्रे दर आठवड्याला ६० अंश से. पाण्यात धुणे अधिक परिणामकारक. नाकातील स्टेरॉइड फवारा वैद्यकीय सल्ल्याने घेतात.