कलेक्टरनं मुलांना नाचायला लावलं तेव्हा



आजचा भाग नाचाबद्दल आहे. पण ताल, मुद्रा किंवा घराणी यांबद्दल मी बोलणार नाही, तो माझा प्रांत नाही. मी इतिहासाचा माणूस आहे आणि मला एक इतिहासाचाच प्रश्न पडतो. एका समाजाच्या मुलांना दुसऱ्या समाजाचा नाच शिकवला, तर त्या मुलांना तो समाज कळतो का? की नुसते कपडे बदलतात?

हा प्रश्न तुमच्या घरातला आहे. तुमच्यापैकी कुणी बडोद्याला असाल, कुणी इंदूरला, हैदराबादला, कोलकात्याला. तुमची मुलं नवरात्रात गरबा खेळतात, शाळेच्या गॅदरिंगमध्ये बिहू करतात, आणि महाराष्ट्र मंडळात लेझीम हातात घेतात. शिकवणारे बहुतेक कॉलेजात जाणारी दादा-ताई मंडळी असतात. पैसे न घेता, संध्याकाळचा वेळ काढून शिकवतात. सगळे म्हणतात, यानं एकमेकांची संस्कृती कळते. हा प्रयोग आपल्या देशात फार मोठ्या प्रमाणावर एकदा झालेला आहे, आणि तो नेमका त्या प्रांतात झाला जो पुढे धर्माच्या रेषेवर दुभंगला. म्हणून त्याची गोष्ट आज नीट ऐकायची. त्याचं नाव ब्रतचारी. आपण मराठीत व्रतचारी म्हणू, कारण बंगालीत 'व'चा उच्चार 'ब' होतो.

या चळवळीमागचा माणूस म्हणजे गुरुसदय दत्त. जन्म १८८२, सिल्हेट जिल्ह्यातलं बीरश्री गाव. आज ते बांगलादेशात आहे. इंग्रजी अमलातल्या आय.सी.एस.मध्ये शिरलेले जे थोडे हिंदी अधिकारी होते, त्यांतले हे एक. पत्नी सरोजनलिनी यांनी बंगालच्या खेड्यांत महिला समित्या काढल्या होत्या. १९२५ साली त्या वारल्या, तेव्हा दत्तांनी त्यांच्या नावानं संस्था काढून ते काम पुढे चालवलं. थोडक्यात, नाचाकडे वळण्याआधी या घरात गावकामाची सवय होती.

१९२८ साली दत्त हावड्याला मॅजिस्ट्रेट होते. बामनगाछीला रेल्वे कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला. हा गोळीबार चुकीचा होता असं या सरकारी अधिकाऱ्यानंच म्हटलं. त्यानंतर त्यांची रवानगी दूर मैमनसिंगला झाली. माणूस सरकारी होता खरा, पण सरकारचा होयबा नव्हता.

१९२९मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्यांनी इंग्लंडच्या लोकनृत्यांचा मोठा मेळावा पाहिला. इंग्लंडमध्ये सेसिल शार्प नावाच्या गृहस्थानं गावोगाव फिरून मरू घातलेले नाच टिपून घेतले होते आणि ते शाळांपर्यंत नेले होते. दत्तांच्या मनात साहजिकच आलं, आमच्याकडे काय आहे? परत आल्यावर त्यांनी मैमनसिंगला लोकनृत्य आणि लोकसंगीताची एक समिती काढली.

इथे जरा थांबू. त्या काळच्या बंगालमध्ये नाच या शब्दाचा वास काय होता, ते लक्षात घ्यायला हवं. शिकल्यासवरल्या भद्रलोकांच्या घरात नाच म्हणजे बाईजीचा कोठा, नाहीतर 'छोटोलोकां'चा धांगडधिंगा. आपल्याकडे पांढरपेशा घरांत तमाशाचं नाव ज्या सुरात घेतलं जायचं, तोच हा सूर. रवींद्रनाथांनी १९१९ साली सिल्हेटला मणिपुरी नाच पाहिला आणि मग त्रिपुराहून बुद्धिमंत सिंह यांना शांतिनिकेतनात शिकवायला आणलं. पण सुरुवातीला मुलांच्या त्या वर्गाला नाच न म्हणता व्यायाम म्हणणंच सोयीचं होतं. रवींद्रनाथांची ही कथा, तर जिल्ह्याच्या कलेक्टरची काय असेल!

मैमनसिंगला दत्तांना सापडला जारी. हा मुसलमान शेतकऱ्यांचा नाच. 'जारी' हा फारसी शब्द, अर्थ शोक, विलाप. मोहरमच्या दिवसांत करबलाची कहाणी गायची. मुख्य गायक म्हणजे बयाती, त्याच्यामागे धरणारे ते दोहार. आपल्या कीर्तनातले टाळकरी कसे ध्रुपद उचलून धरतात, तसंच. तरुण मुलं पायात घुंगरू बांधून, हातात रुमाल घेऊन गोल रिंगणात नाचतात. शोक आणि नाच एकत्र कसा, असं आपल्याला वाटेल. पण ज्यांनी आपल्या गावातले ताबूत पाहिलेत, त्यांना ते कळेल.

१९३०मध्ये दत्त बीरभूमला आले. तिथे त्यांना रायबेंशे सापडला. बाउरी, बागदी, डोम अशा, समाजानं खालच्या पायरीवर ठेवलेल्या जातींतले लोक हा नाच करत. ढोल आणि काशाच्या झांजा, उजव्या पायात एक नूपुर, आणि अंगात कसरत अशी की पाहणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. हे लोक म्हणजे जुन्या पायदळाचे वारस, आणि नाचाचं नावही 'रायबाँश' या बांबूच्या शस्त्रावरून आलेलं, असं दत्तांचं मत होतं. पुढे जशोरचा ढाल घेऊन करायचा ढाली आणि टिपऱ्यांचा काठी हे नाचही त्यांनी गोळा केले.

इथपर्यंत हे संशोधन झालं. चळवळ झाली १९३२च्या फेब्रुवारीत. बीरभूम जिल्ह्याचं मुख्य ठिकाण सूरी. तिथल्या शिबिरात ब्रतचारीची सुरुवात झाली. पाच व्रतं ठरली: ज्ञान, श्रम, सत्य, ऐक्य आणि आनंद. बाकीची चार कुठल्याही युवक संघटनेच्या पाटीवर सापडतील. पाचवं मात्र वेगळं आहे. आनंद हे व्रत! म्हणजे नाचणं-गाणं ही सवलत नव्हती, कर्तव्य होतं.

कामाची रीत साधी होती. शाळामास्तर आणि तरुण विद्यार्थी शिबिराला यायचे, नाच आणि गाणी शिकायचे, आणि आपापल्या गावी जाऊन मुलांना शिकवायचे. एकमेकांना भेटल्यावर 'जसोबा' म्हणायचं, म्हणजे 'जय सोनार बांगलार'ची आद्याक्षरं. नाचाबरोबर कुदळ-फावडंही होतंच. बंगालची तळी जलपर्णीनं भरलेली असायची. ती काढणं, रस्ता दुरुस्त करणं, हेही गाण्याच्या तालावर. गाण्यांचा मोठा भाग दत्तांनी स्वतः लिहिला. आणि ते स्वतः नाचायचे. जिल्ह्याचा मालक समजला जाणारा साहेब धोतर खोचून डोमांच्या रिंगणात नाचतो, हे पाहून भद्रलोक हसले, काहींना रागही आला.

आता त्या मुलाच्या जागी उभं राहून पाहा. वरच्या जातीच्या वकिलाचा मुलगा. ज्याच्या सावलीचाही घरात विटाळ, त्याच्या जातीची कला तो मन लावून शिकतोय. तो नाच त्याच्यापेक्षा त्या बाउरी नर्तकाला चांगला येतो, आणि हे झाकता येत नाही. पाय चुकला की चुकला. हिंदू मुलगा जारीच्या रिंगणात दोहार धरतोय आणि मुसलमान मुलगा रायबेंशेत उडी घेतोय. भाषण ऐकताना मनात काहीही ठेवता येतं. नाचात मात्र शेजाऱ्याच्या श्वासाशी श्वास जुळवावा लागतो. माझ्या मते ब्रतचारीचं खरं बळ इथे होतं. माणूस ज्याच्याकडून काही शिकतो, त्याला पुरतं तुच्छ मानणं त्याला जड जातं.

पण मंडळी, इतिहास सांगायचा तर दुसरी बाजूही सांगायला हवी.

पहिली गोष्ट, १९३०चं दशक म्हणजे सविनय कायदेभंगाचा आणि बंगालमध्ये क्रांतिकारकांचा काळ. पोरं बॉम्बकडे जाण्यापेक्षा ढोलाकडे गेली तर सरकारला हवंच होतं, असा संशय घेणारे तेव्हाही होते, आणि तो अगदी वेडगळ नव्हता. दुसरी गोष्ट, इंग्रज बंगाल्यांना बायकी म्हणून हिणवत. त्या टोमण्याला उत्तर म्हणून दत्तांना 'मर्दानी' नाच हवे होते. म्हणून ढाल-काठीला मान मिळाला. बायकांचे व्रतांचे नाच त्यांनी टिपले, त्यांवर लिहिलं, पण चळवळीचा चेहरा मैदानात उड्या घेणारा मुलगाच राहिला. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. शेतातला नाच कवायतीच्या मैदानावर आला, तेव्हा त्याचं काहीतरी मागे राहिलं. जारीतून करबला वजा केली तर उरते ती रुमालाची कसरत. शिकवणाऱ्यानं ती कहाणी सांगितली असेल, तिथे समज आली असेल. जिथे नुसत्या पायऱ्या शिकवल्या, तिथे घामच आला असेल.

२५ जून १९४१ रोजी दत्त वारले. पुढची सहा वर्षं आपल्याला ठाऊक आहेत. १९४३चा दुष्काळ, १९४६च्या ऑगस्टमधली कलकत्त्याची कत्तल, मग नोआखाली, मग फाळणी. जुलै १९४७मध्ये सिल्हेटमध्ये सार्वमत झालं आणि दत्तांचं गाव पाकिस्तानात गेलं. जारीचं मैमनसिंग तिकडे, रायबेंशेचं बीरभूम इकडे. नाचानं दंगल थांबवली नाही. कुणी तुम्हाला सांगितलं की मुलं एकत्र नाचली की देश आपोआप एक होतो, तर त्याला बंगालचा नकाशा दाखवा.

मग सगळं वाया गेलं का? माझं उत्तर आहे, नाही. त्यासाठी मी तीन माणसं सांगतो.

पहिला, गोपालगंज भागातला एक खोडकर मुलगा. त्यानं पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय की लहानपणी आपण खेळायचो, गायचो आणि ब्रतचारी छान करायचो. त्या मुलाचं नाव शेख मुजीबुर रहमान.

दुसरा, कलकत्त्याच्या आर्ट स्कूलचा विद्यार्थी कामरूल हसन. विशीत तो ब्रतचारीत रमलेला होता आणि मुलांना शिकवत होता. फाळणीनंतर तो ढाक्याला गेला, तिथल्या कला महाविद्यालयाच्या उभारणीत जैनुल आबेदीन यांच्याबरोबर राहिला. बंगालच्या पटचित्रांची, मातीच्या बाहुल्यांची रेषा त्याच्या चित्रांत आहे. बांगलादेशच्या झेंड्याला आजचं रूप त्यानंच दिलं.

तिसरी, त्याच्या हाताखाली ब्रतचारीत आलेली एक मुलगी, सन्‌जीदा खातून. पाकिस्तानी राजवटीत रवींद्रसंगीताकडे वाकड्या नजरेनं पाहिलं जात होतं, तेव्हा १९६१ साली ढाक्यात 'छायानट' उभी राहिली. ती उभारणाऱ्यांत त्या होत्या. रमना बागेत पिंपळाखाली बंगाली नववर्षाची पहाट गाण्यांनी सुरू करण्याची प्रथा या संस्थेनं १९६७ साली घातली.

ब्रतचारीमुळे बांगलादेश झाला असं मी म्हणत नाही. इतिहासात असं एकाच दोरीला सगळं बांधता येत नाही. पण माझा धर्म आणि माझी संस्कृती या दोन गोष्टी एकच नाहीत, हे शेजाऱ्याचे नाच नाचलेल्या पिढीला कुणी पुस्तकातून शिकवावं लागलं नाही, एवढं मी नक्की म्हणेन. पीक उशिरा आलं, आणि पेरणाऱ्यानं ते पाहिलं नाही.

योगायोग पाहा. दत्त गेले त्याच जून १९४१मध्ये पुण्यात एस. एम. जोशींच्या नेतृत्वाखाली राष्ट्र सेवा दल नव्यानं उभं राहत होतं. पुढे त्याच्या कलापथकानं गाणी, नाच आणि लोकनाट्य घेऊन गावंच्या गावं पालथी घातली, आणि साने गुरुजींनी आंतरभारतीचं स्वप्न मांडलं: एका प्रांतानं दुसऱ्याची भाषा, रीत, गाणी शिकावीत. दोन्ही प्रवाह वेगवेगळ्या डोंगरांतून निघाले, पण तहान एकच होती.

म्हणून शेवटी, जे तरुण आज मुलांना नाच शिकवतात त्यांच्याशी दोन शब्द. बिहू शिकवताना मुलांना विचारा, तो कुठल्या पिकाचा सण आहे. लेझीम शिकवायला आपल्या मंडळात शेजारच्या तेलुगू, बंगाली पोरांनाही बोलवा. ज्यांचा नाच आहे त्यांच्यातलं कुणी सापडलं, तर त्याला कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसवण्याआधी शिकवायला उभं करा, आणि मुलांना त्याला गुरुजी म्हणायला लावा. अंगावरचा वेश कार्यक्रम संपला की उतरतो. ज्याला गुरुजी म्हटलं, तो माणूस मात्र मनातून सहजी उतरत नाही.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.