सहस्रकुंड ते खरोसा: नांदेड-लातूरला फोटो काढायला जायचं तर काय माहिती हवं?

“मराठवाड्यात फोटो काढण्यासारखं आहे काय?” पुण्यात शिकायला असताना हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय की उत्तर द्यायचं सोडून दिलं होतं. विचारणाऱ्याचाही फार दोष नाही. इंटरनेटवर लातूर टाकलं की अनेक वर्षं भेगाळलेली जमीन, रिकाम्या घागरी आणि पाण्याची रेल्वे एवढंच दिसायचं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाणी घेऊन लातूरला आलेल्या त्या गाडीचे फोटो देशभर गेले. ते खोटे नव्हते, पण त्यानंतर इथे येणारा प्रत्येक कॅमेरा तेच शोधत येऊ लागला.

जुलै ते ऑक्टोबरमध्ये नांदेडहून साधारण १०० किलोमीटरवरच्या सहस्रकुंडला जाऊन पाहा. इथे पैनगंगा काळ्या खडकाच्या कड्यावरून अनेक धारांनी खाली कोसळते. एका काठाला नांदेड जिल्हा, दुसऱ्या काठाला यवतमाळ. त्यामुळे समोरचा फोटो हवा की बाजूचा, यावर कोणत्या जिल्ह्यातून जायचं ते ठरतं. उन्हाळ्यात मात्र इथे नुसता खडक असतो. मे महिन्यात जाऊन “फसवणूक झाली” असं लिहिणारे लोक मी पाहिलेत.

काळा दगड फोटोत राखाडी का येतो?

या भागात फोटो काढणाऱ्यांची सगळ्यात मोठी अडचण हीच आहे आणि ती कॅमेऱ्याच्या महागडेपणाने सुटत नाही. आपला बराचसा भूभाग बेसाल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा. कंधारचा किल्ला काळा, होट्टलची मंदिरं काळी, सहस्रकुंडचा कडाही काळा. कॅमेरा किंवा फोन उजेड मोजतो तेव्हा समोरचं दृश्य सरासरी मध्यम राखाडी असेल असं धरून चालतो. फ्रेममध्ये काळा दगड जास्त असला की त्याला वाटतं उजेड कमी आहे. मग तो फोटो उजळवतो, दगड धुरकट होतो आणि वरचं आकाश पांढरंफटक पडतं.

उपाय सोपा आहे. फोनच्या स्क्रीनवर दगडावर बोट टेकवा. बाजूला सूर्याचं छोटं चिन्ह येतं, ते थोडं खाली ओढा. कॅमेरा असेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे दोन तृतीयांश ते उणे एकपर्यंत न्या. दगड पुन्हा काळा दिसायला लागतो.

नांदेडच्या सचखंड हजूर साहिब गुरुद्वाऱ्यासमोर याच्या बरोबर उलट होतं. महाराजा रणजितसिंहांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधून घेतलेली ही वास्तू पांढरीशुभ्र आहे, वर सोनेरी घुमट. इतकं पांढरं पाहून कॅमेरा घाबरतो आणि फोटो काळवंडतो. इथे एक्स्पोजर थोडं वाढवायचं. त्याहून चांगलं म्हणजे सूर्य मावळल्यावर वीसेक मिनिटं थांबायचं. आकाश गडद निळं असतं, दिवे लागलेले असतात आणि दोन्हींचा उजेड जवळपास सारखा होतो. ही वेळ फार टिकत नाही, त्यामुळे जागा आधीच हेरून ठेवावी लागते. गुरुद्वाऱ्यात डोकं झाकून, चपला बाहेर काढून जायचं हे सांगायला नको. आतल्या मुख्य भागात फोटोचा विचारच नको. परिसरात काढायचा असेल तर सेवादारांना विचारलेलं बरं. होला मोहल्ला आणि दसऱ्याला निघणारी मिरवणूक मात्र रस्त्यावरची असते. घोडे, निळे पोशाख आणि ‘हल्ला बोल’ची धावपळ टिपायला शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागापेक्षा वेगवान ठेवा, नाहीतर घोड्यांचे पाय फोटोत येतच नाहीत.

सूर्य इथे मुंबईच्या आधी उगवतो

घड्याळ सगळीकडे एकच असलं तरी सूर्य ते मानत नाही. नांदेड आणि मुंबई जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, पण नांदेड सुमारे साडेचार अंश पूर्वेला आहे. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे नांदेडला सूर्य मुंबईपेक्षा साधारण १८ मिनिटं आधी उगवतो आणि तेवढाच आधी मावळतो. मुंबई-पुण्याच्या सवयीने “सहाला निघू, सूर्यास्त मिळेल” असं म्हणून डिसेंबरात गोदावरीकाठी आलात तर अंधारच मिळेल. तेव्हा इथे पावणेसहाच्या थोडं पुढे सूर्य गेलेला असतो. जूनमध्ये पहाटे पावणेसहाला ऊन अंगावर आलेलं असतं.

तिरप्या उन्हाचं एवढं कौतुक कशासाठी, ते देगलूर तालुक्यातल्या होट्टलला कळतं. चालुक्यकालीन मंदिराच्या बाह्यभिंतीवरच्या मूर्ती दुपारी बारा वाजता सपाट दिसतात. सकाळी आठच्या सुमाराला ऊन भिंतीला घासून जातं, तेव्हा दागिन्यातला एकेक मणी वेगळा होतो. ज्या भिंतीवर तिरपं ऊन येतं तीच आधी काढायची, बाकीच्यांसाठी संध्याकाळी परत यायचं. पहिल्यांदा गेले तेव्हा मी दुपारी पोचले होते. ते सगळे फोटो नंतर पुसून टाकले.

लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातल्या खरोसा लेणींचं गणित वेगळं. सहाव्या शतकाच्या सुमारास कोरलेल्या या लेणींत नरसिंह, शिव-पार्वती, कार्तिकेय यांची शिल्पं आहेत. बाहेर लख्ख ऊन आणि आत मिट्ट काळोख, दोन्ही एका फोटोत मावत नाहीत. फोनमधला एचडीआर थोडी मदत करतो. पण ढगाळ दिवस निवडला तर निम्मं काम आपोआप होतं. फ्लॅश मारू नका. शिल्पाचं काय व्हायचं ते होईल, फोटो मात्र नक्की बिघडेल, कारण समोरून पडलेला उजेड कोरीवकामाची सावलीच मारून टाकतो.

कंधारचा भुईकोट खंदकात पाणी असताना पाहावा, म्हणजे पावसाळ्यानंतर. वारा पडलेला असेल तर तटबंदी पाण्यात उलटी दिसते. राष्ट्रकूटांच्या काळात वैभवाला पोचलेल्या या गावात एका महाकाय मूर्तीचे भंगलेले अवयवही आहेत. त्यांचा नुसता क्लोजअप काढला तर ते हातभर की पुरुषभर, काहीच कळत नाही. शेजारी माणूस उभा करा. एरवी फ्रेममधून माणसं हटवण्याची आपल्याला घाई असते, इथे ती हवीत.

सपाट रानाचा फोटो कसा काढायचा?

डोंगरदऱ्या नाहीत ही आपल्याकडची जुनी तक्रार. आमच्या बोलीत तिचं उत्तर दडलेलं आहे. उदगीरजवळचं हत्तीबेट, चाकूर तालुक्यातल्या वडवळचं नागनाथ बेट, ही पाण्यातली बेटं नाहीत, टेकड्या आहेत. भोवती इतकं सपाट रान की एखादा उंचवटाही बेटासारखा वाटावा. फोटोतही त्याला बेटच समजायचं. क्षितिजरेषा खाली घ्या, दोन तृतीयांश आकाश ठेवा आणि टेकडी एका कडेला येऊ द्या. आकाशात ढग नसतील तर उलट करा, क्षितिज वर सरकवा आणि समोरचं रान भरू द्या.

रानाला रंग असतो, फक्त महिना माहिती हवा. सप्टेंबरअखेर सोयाबीन पिवळं पडायला लागतं. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तूर पिवळ्या फुलांनी भरते. हुरड्याच्या दिवसांत ज्वारी डोक्याच्या वर जाते आणि जानेवारी-फेब्रुवारीत करडई केशरी होते. करडईत घुसणार असाल तर जाड पँट घाला, ती टोचते. आणि घुसण्याआधी बांधावरच्या माणसाला हाक मारा. एका रीलसाठी कुणाच्या चार ओळी तुडवल्या जातात, ते नुकसान पोत्यात मोजलं जातं. एप्रिल-मेमध्ये धुळीने आकाश पांढुरकं होतं. मग लांबचं दृश्य सोडून जवळचं काहीतरी शोधावं, किंवा उदगीरच्या किल्ल्यात सावलीतल्या कमानी काढाव्यात.

सहस्रकुंडला थोडं मागेच थांबा

धबधब्याचं पाणी दुधासारखं दिसणारे फोटो शटर सेकंदाचा पाव भाग ते एक सेकंद उघडं ठेवून काढतात. त्यासाठी ट्रायपॉड लागतो आणि दिवसा काढायचा तर एनडी फिल्टर, म्हणजे उजेड अडवणारी काळपट काच. काही फोनमध्ये ‘लाँग एक्स्पोजर’ असतो, तो चालतो. पण भर पावसाळ्यात पैनगंगा गढूळ असते, तेव्हा दुधाऐवजी चहा दिसतो. मला तोच आवडतो, कारण नदी तशीच असते.

महत्त्वाचं पुढे आहे. या नदीवर वरच्या बाजूला इसापूर धरण आहे. तिथून विसर्ग सुरू झाला की इथे पाऊस नसतानाही पाणी चढू शकतं. कोरड्या दिसणाऱ्या खडकावर शेवाळ असतं आणि काठाकडे पाठ करून सेल्फी घेताना पाणी दिसत नाही. निघण्यापूर्वी धरणाच्या विसर्गाच्या बातम्या पाहा, स्थानिकांनी “पुढे जाऊ नका” म्हटलं तर वाद घालू नका. तशीही दुरून, थोडी उंची धरून काढलेली फ्रेम जास्त चांगली येते. जवळ गेल्यावर सगळ्या धारा एकत्र मावतच नाहीत.

ड्रोन उडवता येतो का?

२०१९ मध्ये निलंग्यात शेतात हिरवळ उगवून शिवाजी महाराजांचं भव्य चित्र साकारलं होतं. जमिनीवरून ते कळत नव्हतं, वरूनच दिसायचं. तेव्हापासून इकडे ड्रोनची हौस वाढली, असं मला वाटतं. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला आणि हौसेसाठी उडवल्या जाणाऱ्या दोन किलोपर्यंतच्या मायक्रो ड्रोनला पायलट प्रमाणपत्र लागत नाही. पण याचा अर्थ कुठेही उडवा असा होत नाही. हिरव्या झोनमध्ये ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही, पिवळ्या आणि लाल झोनमध्ये लागते. नांदेड शहराला लागूनच विमानतळ असल्याने गुरुद्वाऱ्यावरून ड्रोन फिरवण्याचा बेत आखण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी प्लॅटफॉर्मवरचा नकाशा पाहाच. किल्ले-लेणी संरक्षित असतील तर पुरातत्त्व खात्याची परवानगी वेगळी.

तुम्ही स्वतःसाठी काढलेल्या फोटोचा कॉपीराइट तुमचा असतो, हयातभर आणि मृत्यूनंतर ६० वर्षं. माझा गोदावरीचा एक फोटो एका पेजने नाव न देता वापरला, तेव्हा माझ्याकडे मूळ फाइल होती म्हणून निदान बोलता आलं. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो आकसतो आणि त्यातली तारीख-वेळेची माहिती गळते. जपायचा फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मूळ फाइल वेगळी ठेवा.

किल्लारीत कॅमेरा काढावा का?

३० सप्टेंबर १९९३. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जनानंतरची ती पहाट. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सुमारे दहा हजार माणसं गेली. गावं दुसरीकडे नव्याने वसली, जुन्या जागी काही ठिकाणी दगडांचे ढीग आणि बाभळी राहिल्या. ‘भुताचं गाव’ असं शीर्षक देऊन तिथे व्हिडिओ करणारे येतात, तेव्हा संताप होतो. ज्या दगडावर चढून पोज दिली जाते त्याच्या खाली कुणाचं तरी घर होतं.

म्हणून फोटो काढूच नये असं मी म्हणणार नाही. माझ्या आजोळी १९९३ च्या आधीचा एकही फोटो नाही. होते ते पेटीत होते आणि पेटी घराखाली राहिली. वाडा कसा होता ते आजी हाताने हवेत काढून दाखवते: इथे ढेलज, इथे आड, इथे तुळस. मातीत रचलेल्या दगडी भिंती त्या रात्री कोसळल्या. तशाच बांधणीचे वाडे आसपासच्या गावांत अजून उभे आहेत, दरवर्षी एखादा पडतो. त्यांचे फोटो फारसं कुणी काढत नाही, कारण ते ‘स्पॉट’ नाहीत.

मी आता जमेल तेव्हा ते काढते. आधी घरच्यांना विचारते, दार बंद असेल तर शेजाऱ्यांना. समोरून एक, ढेलजेतून एक, चौकटीच्या नक्षीचा एक, आणि घरातलं म्हातारं माणूस तयार असेल तर त्यांचा उंबऱ्यावर बसलेला एक. चार बाय सहाची प्रिंट स्वस्तात निघते, पुढच्या फेरीला ती नेऊन देते. मागे गाव आणि तारीख पेनाने लिहिलेली. गेल्या दिवाळीत औशाकडच्या एका आजींना अशी प्रिंट दिली. त्यांनी बराच वेळ स्वतःकडे पाहिलंच नाही, मागच्या भिंतीकडे बोट दाखवून म्हणाल्या, “हा कोनाडा माझ्या सासूबाईंचा.”