आजीचं माहेर आणि झाईची हद्द

गेल्या दिवाळीनंतरच्या शनिवारी आम्ही सहाजण एका गाडीत दाटीवाटीने बसून डहाणूच्या पुढे जाऊन आलो. फिरायला म्हणून निघालो खरं, पण खरा हट्ट आजीचा होता. सत्त्याऐंशी वर्षांची आहे ती. म्हणाली, "एकदा उंबरगावला नेऊन आणा रे, समुद्राच्या रस्त्याने. हायवेने नको."

चारोटीला हायवे सोडला आणि डहाणू गाठलं. तिथून पुढचा रस्ता तुम्ही पाहिला नसेल तर जरूर पाहा. नरपड, चिखले, घोलवड, बोर्डी. एका हाताला सुरूची झाडं आणि समुद्र, दुसर्‍या हाताला चिकूच्या वाड्या. घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. वाटेत एका वाडीपाशी थांबून पाच किलो घेतले, त्यातले दोन किलो बोर्डी यायच्या आत संपले :-)

बोर्डी हे आजीचं सासर, उंबरगाव माहेर. मध्ये झाई. किनार्‍यावरचं महाराष्ट्राचं शेवटचं गाव, मांगेल्यांच्या होड्यांचं. झाई ओलांडली की गुजरात. दुकानांच्या पाट्यांची लिपी बदलली तसं माझ्या लेकीने विचारलं, "पणजी, तू गुजराती होतीस?"

आजी हसली. मग पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला. तिच्या वडिलांचा शाळेचा दाखला. त्यावर मराठीत लिहिलंय : तालुका उंबरगाव, जिल्हा ठाणे.

घरी आल्यावर मी जरा वाचत बसलो. आजीचं लग्न १९५७ चं. तेव्हा द्विभाषिक मुंबई राज्य होतं; बोर्डी आणि उंबरगाव एकाच जिल्ह्यात, फक्त तालुके वेगळे. १ मे १९६० ला राज्याचे दोन भाग झाले. आपण तो दिवस महाराष्ट्राच्या जन्माचा म्हणून साजरा करतो, आणि ते बरोबरच आहे. पण त्यासाठी जो कायदा झाला त्याच्या परिशिष्टात गावांची यादी आहे, ती शाळेत कुणी दाखवत नाही. पश्चिम खानदेशातल्या नवापूर, नंदुरबार, अक्कलकुवा, तळोदे या भागांतली काही गावं, आणि आमच्या ठाणे जिल्ह्यातल्या उंबरगाव तालुक्यातली ४७ गावं व ३ शहरं गुजरातला गेली. उरलेली २७ गावं आधी डहाणूला जोडली आणि १९६१ मध्ये त्यांचा तलासरी महाल केला. झाई आज त्याच तलासरी तालुक्यात आहे.

म्हणजे बघा, आजी कुठेच गेली नाही. ती बोर्डीलाच राहिली. पण तिचं माहेर आधी सुरत जिल्ह्यात गेलं, नंतर वलसाडमध्ये. आणि १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला तेव्हा तिचं सासरही ठाण्यातून गेलं. दाखल्यावरचा 'जिल्हा ठाणे' आता दोन्हीकडे उरलेला नाही.

मी विचारलं, "तुला तेव्हा वाईट वाटलं होतं का गं?"

"त्या वर्षी काहीच नाही. आम्ही बोर्डीत पेढे वाटले. कळलं ते पुढे. भावाची मुलं गुजराती शाळेत गेली. मग एका भाच्याच्या लग्नाची पत्रिका आली, ती मला वाचता येईना. शेजारच्या पारशीणबाईंकडून वाचून घेतली. माझ्याच घरची पत्रिका."

यावर गाडीत कुणी काही बोललं नाही.

आता मी काही गुजरातच्या विरोधात लिहीत नाहीये. या पट्ट्यात भाषा कायमच शेजारी शेजारी नांदल्या. ताराबाई मोडकांचं उदाहरण घ्या. त्यांनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर गुजरातीत बालशिक्षणाचं काम केलं, आणि १९४५ मध्ये बोर्डीला येऊन अनुताई वाघांच्या सोबतीने मुलांसाठी बालवाड्या सुरू केल्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. एकीकडे शिकलेलं दुसरीकडे रुजवताना त्यांना कुठली हद्द आडवी आली नाही.

त्याच १९४५ साली, २३ मे रोजी, उंबरगाव तालुक्यातल्या झरी गावात वारल्यांची परिषद झाली. (झरी आणि झाई वेगळी बरं का, माझाही आधी गोंधळ झाला.) गोदावरी आणि शामराव परुळेकर, किसान सभेचा झेंडा, आणि हजारो वारली. वेठबिगार आणि लग्नगडी बंद, असं तिथे ठरलं. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायकोने जन्मभर जमीनदाराकडे राबायचं, ती लग्नगडीची पद्धत. गोदावरीबाईंच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात ते सगळं आहे. पण पंधरा वर्षांत त्याच वारल्यांच्या पाड्यांमधूनही राज्याची हद्द गेली. आजीला निदान दोन लिप्यांतली एक तरी वाचता येत होती. घरात वारली बोलणार्‍या पोराला मात्र इकडे मराठी आणि तिकडे गुजराती, दोन्ही परक्याच. माहेर तुटण्याचं दुःख मोठं की हे, मला सांगता येत नाही.

दुपारी संजाणला गेलो. पारशी इराणातून निघून इथे उतरले, ती कथा इ.स. १६०० च्या सुमाराच्या 'किस्सा-ए-संजाण' या फारसी काव्यात आहे. त्या आठवणीचा स्तंभ १९२० मध्ये उभारला. पुढे संजाणवर स्वारी झाली तेव्हा पवित्र अग्नी बोर्डीजवळच्या बाहरोटच्या डोंगरात बारा वर्षं लपवून ठेवला होता, अशी परंपरा सांगते. आज तो अग्नी उदवाड्याला आहे, १७४२ पासून. स्तंभ गुजरातेत आणि लेणी महाराष्ट्रात. गोष्ट मात्र एकच आहे, तिचे दोन तुकडे करता येत नाहीत.

परतताना झाईला थांबलो. ओहोटी होती. आजी गाडीतच बसली, काच खाली करून. म्हणाली, "लग्नानंतर पहिल्या सणाला मी याच किनार्‍याने माहेरी गेले होते. मध्ये हद्द लागते हे कुणी सांगितलं असतं तर हसले असते."

अलीकडे वेवजी आणि सोळसुंबा या गावांच्या शिवेवरून वाद झाल्याच्या बातम्या आल्या होत्या. खांब कुणाचे, दिवे कुणाचे. पासष्ट वर्षांनंतरही मोजणी संपलेली नाही. मोजणी व्हायलाच हवी, त्याशिवाय पाणी, रस्ता, रेशन कुणाकडे मागायचं?

असो. तो दाखला मी स्कॅन करून ठेवलाय. मामांकडच्या मंडळींनी हे वाचलंत, तर तुमच्याकडचे जुने कागदही पाठवा. गुजरातीत असले तरी चालतील. मी आता ती लिपी शिकायला घेतली आहे, आजीला ती जुनी पत्रिका वाचून दाखवायचीय.