माल्दिनीचा पोरगा

गोल मारणाऱ्याचं नाव लोकांच्या तोंडी येतं ते त्यानं मारलेल्या गोलामुळे. मागे खेळणाऱ्याचं नाव येतं ते बहुतेक वेळा त्याच्या पायातून काहीतरी चुकलं म्हणजे. नवा पोरगा ऐंशी मिनिटं चोख खेळला तरी फातोर्ड्याच्या स्टँडात त्याची कुणी दखल घेत नाही. एक्क्याऐंशीव्या मिनिटाला घसरला, की लगेच कुणीतरी उठून ओरडतो, "काड रे ताका भायर!"

इटलीत तर एका बचावपटूच्या चुकांना त्याच्याच आडनावावरून शब्द पडला होता. एसी मिलानचा चेझारे माल्दिनी. हा गडी १९५४ मध्ये त्रिएस्त शहरातून मिलानला आला आणि १९६६ पर्यंत तिथेच खेळला. खेळ देखणा. गोलासमोर चेंडू आला की इतर बॅक तो डोळे मिटून लांब हाणत, हा मात्र शांतपणे पायात धरून, समोरच्याला चकवून बाहेर काढायला बघे. दहापैकी नऊ वेळा टाळ्या. दहाव्या वेळी चेंडू हातचा जाई आणि सगळं स्टेडियम कपाळाला हात लावी. असल्या घोटाळ्यांना लोक 'माल्दिनाते' म्हणू लागले. पण हाच चेझारे १९६३ मध्ये वेंब्लीवर बेनफिकाला २-१ हरवून युरोपियन कप उचलणारा मिलानचा कप्तान. इटलीच्या क्लबानं तो कप जिंकण्याची ती पहिलीच वेळ. म्हणजे मिलानच्या माणसासाठी या एका आडनावात सोन्याचा कपही होता आणि काळजाचा चुकलेला ठोकाही.

चेझारेचा मुलगा पाओलो २६ जून १९६८ रोजी जन्मला. 'फोस्सा देई लेओनी', म्हणजे सिंहांची गुहा, हा मिलानच्या कडव्या पाठीराख्यांचा गट निघाला तोही १९६८ सालीच. दोघं एकाच वयाचे. पुढे त्यांची गाठ पडायची होती.

मुलगा मिलानच्याच छोट्या गटांत वाढला. सामने बघायला येणारे इतर मुलांचे आईबाप बाहेरून टोमणे मारत, हा बापाच्या नावावर खेळतो म्हणत. ते आपल्या कानावर येई असं त्यानं पुढे मुलाखतींत सांगितलं आहे. इटालियनमध्ये यासाठी 'राक्कोमान्दातो' असा शब्द आहे. आपल्याकडे 'वशिल्याचा' म्हणतात, आणि सरकारी कचेरीत बसणाऱ्याला या शब्दाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही!

बरं, शंका अगदीच हवेतली होती असंही नाही. पाओलोला पहिल्या संघात घेणारा प्रशिक्षक होता निल्स लीडहोल्म. हा स्वीडिश गृहस्थ स्वतः मिलानचा जुना कप्तान. चेझारे त्याच्याच हाताखाली खेळला आणि त्याच्यानंतरच कप्तान झाला. म्हणजे जुन्या सोबत्याचा मुलगा. शिवाय चेझारे तेव्हा इटलीच्या राष्ट्रीय संघात बेआरझोत यांचा साहाय्यक होता. एवढं जमून आल्यावर लोक बोलणारच.

त्यात क्लबाची अवस्था वाईट. १९८० मध्ये सट्टेबाजीच्या प्रकरणात शिक्षा म्हणून मिलानला दुसऱ्या श्रेणीत ढकललं गेलं. वर आले, तर १९८२ मध्ये स्वतःच्याच खेळानं पुन्हा खाली गेले. १९८३ मध्ये परत वर. पैशांची तंगी होतीच. घरचं असं झालं की माणूस नव्या पोराकडे नीट बघत नाही, त्याच्यात तारणहार तरी शोधतो नाहीतर अपराधी. माझ्या मते पहिल्या काही सामन्यांवरून पाठीराखे जो निवाडा देतात तो निम्मा क्लबाच्या त्या वेळच्या दशेवर असतो.

२० जानेवारी १९८५. सामना उदिने शहरात, उदिनेसे क्लबाच्या मैदानावर. (झिको १९८३ ते १९८५ याच क्लबात होता. तोच २०१४ मध्ये एफसी गोवाचा पहिला प्रशिक्षक होऊन आपल्याकडे आला.) बात्तिस्तिनीला दुखापत झाली आणि सोळा वर्षांचा पाओलो त्याच्या जागी उतरला. सामना १-१ सुटला. लीडहोल्मनं त्यानंतर त्या मोसमात त्याला लीगचा एकही सामना दिला नाही. वशिल्याचा असता तर दिला असता, नाही का? पण हे आपण आज म्हणतो. पुढच्या मोसमापासून मात्र तो नेहमीचा झाला, आणि खरी परीक्षा तिथून.

इथे एक तांत्रिक गोष्ट सांगायला हवी. त्या काळी इटलीत 'माणूस धरून' खेळायची रीत होती. प्रत्येक बॅकला एक प्रतिस्पर्धी नेमून दिलेला, त्याच्या सावलीसारखं फिरायचं. यात निवाडा सोपा. गोल कुणी मारला? अमक्यानं. त्याला कुणी धरायचं होतं? तमक्यानं. चला, तमका दोषी! लीडहोल्म मात्र माणसाऐवजी जागा राखायला लावी. यात गोल झाला तर चूक नेमकी कुणाची, हे स्टँडात बसलेल्याला सहज कळत नाही. एकानं जागा सोडली म्हणून दुसरा सरकला, त्यामुळे तिसऱ्याच्या मागे पोकळी पडली, आणि दिसतो तो शेवटी धावत येणारा चौथा. अशा वेळी बोट बहुधा वयानं लहान असलेल्याकडे जातं. आणि त्याचं आडनाव माल्दिनी असेल तर 'माल्दिनाते' हा शब्द तयारच!

शिवाय सोमवारच्या पेपरात गुण. इटलीतले क्रीडा दैनिकवाले प्रत्येक खेळाडूला दहापैकी गुण देतात, सहा म्हणजे पास. त्याला 'पाजेल्ले' म्हणतात. शाळेच्या प्रगतिपुस्तकालाही हाच शब्द. आमचा गोपनीय अहवाल निदान वर्षातून एकदाच लिहितात आणि बाकावर चढून वाचून दाखवत नाहीत.

मोठ्या बापाच्या मुलाचा हा प्रकार आपण गोव्यातही जवळून पाहिला. डिसेंबर २०२२ मध्ये अर्जुन तेंडुलकर पर्वरीला राजस्थानविरुद्ध गोव्याकडून रणजी पदार्पणात उतरला आणि १२० धावा काढल्या. १९८८ मध्ये सचिननं पदार्पणात शतक केलं होतं, ते लगेच सगळ्यांना आठवलं. त्याला संघात घेतलं म्हणून कुरकुरणारे त्या संध्याकाळी गप्प झाले, पण शतकाला मोजपट्टी लागली ती बापाचीच. तरी फलंदाजाचं बरं असतं, धावा फलकावर लिहून राहतात. बॅकनं अडवलेला गोल कुठल्या फलकावर लिहायचा?

पाओलोकडे लोकांचं मत फिरलं ते कुठल्या एका पराक्रमानं नव्हे. तो मुळात उजव्या पायाचा, पण डावीकडे खेळायला लावला तर तिथेही तसाच सहज. जमिनीवर लोळण घेऊन चेंडू काढायची वेळ त्याच्यावर क्वचित येई, कारण तो आधीच योग्य जागी उभा असे. असा खेळ एका सामन्यात कळत नाही. पन्नास सामने बघितल्यावर जाणवतं की अरे, या बाजूनं गेल्या कित्येक महिन्यांत काही घडलंच नाही. मार्च १९८८ मध्ये एकोणिसाव्या वर्षी त्याला राष्ट्रीय संघात घेतलं ते विचिनी यांनी, बापानं नव्हे. पुढचं सर्वांना ठाऊक आहे. मिलानसाठी ९०२ सामने, पाच युरोपियन कप. त्यातला २००३ चा त्यानं कप्तान म्हणून मँचेस्टरला उचलला, बापानंतर चाळीस वर्षांनी आणि इंग्लंडच्याच भूमीवर.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण २४ मे २००९ रोजी, सान सिरोवरच्या त्याच्या शेवटच्या सामन्यात, मिलान रोमाकडून २-३ हरला आणि चाळिशी पूर्ण केलेला पाओलो निरोपाची फेरी घ्यायला निघाला. बाकी सारं स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवत होतं. कडव्या पाठीराख्यांच्या दक्षिण बाजूकडून मात्र शिट्ट्या आल्या. इटलीत शिट्टी म्हणजे निषेध. ज्यांच्या जिवावर श्रीमंत झालास त्यांचा मान राखला नाहीस, अशा अर्थाचा फलक झळकला, आणि खरा कप्तान एकच, बारेसी, असा गजर झाला. बारेसीला निवृत्त होऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती! राग जुना होता. या गटांची मर्जी सांभाळणं पाओलोला कधी जमलं नाही, आणि २००५ मध्ये इस्तंबूलला लिव्हरपूलकडून जिंकत आलेला अंतिम सामना हरल्यावर जाब विचारायला आलेल्यांना त्यानं सुनावलं होतं. त्या दिवशीही तो म्हणाला, मी यांच्यातला नाही याचा मला अभिमान आहे.

मला यात फक्त उर्मटपणा दिसत नाही, ना पाठीराख्यांचा ना त्याचा. पंचवीस वर्षं दर रविवारी तिकीट काढून बसणाऱ्याला वाटतं की ह्या माणसाला आपण पास केलं, तेव्हा तो आपला देणेकरी. आणि ज्याला सोळाव्या वर्षापासून बापाच्या नावावर आलास असं ऐकवलं गेलं, त्याला वाटतं की मी कुणाचंच देणं लागत नाही, सगळं फेडून झालं आहे. दोघांचे हिशेब आपापल्या वहीत बरोबर.

आठवड्यानं, ३१ मे रोजी, फ्लोरेन्समध्ये तो खरोखरचा शेवटचा सामना खेळला. तिथे परक्या क्लबाचं अख्खं स्टेडियम त्याच्यासाठी उभं राहिलं.

मिलाननं त्याचा ३ नंबर निवृत्त केला, पण त्याचे मुलगे पहिल्या संघात आले तरच पुन्हा द्यायचा, अशी सवलत ठेवून. धाकटा दानिएल २ फेब्रुवारी २०२० रोजी व्हेरोनाविरुद्ध अगदी शेवटच्या क्षणांत मैदानात आला. पाओलो तेव्हा क्लबाच्याच व्यवस्थापनात होता, म्हणजे पुन्हा तीच कुजबुज. सप्टेंबर २०२१ मध्ये स्पेत्सियाला लीगमध्ये पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळवलं आणि त्यानं गोल मारला. बाप वर स्टँडमध्ये होता. पोरानं जर्सी २७ नंबरची घेतली होती, ३ ची नव्हे. आणि तो खेळतो पुढच्या फळीत, तिथे चुकलं तरी मागे कुणीतरी असतं.