तळटीप १४ : 'शैलजाताईंचं सोनं'

लेखिका इथे नाशिकच्या कबड्डी प्रशिक्षिका शैलजा जैन यांच्याबद्दल बोलते आहे. महिला कबड्डी आशियाई खेळांत आली २०१० साली. पहिली दोन्ही सुवर्णपदकं भारताची. २०१४ च्या अंतिम सामन्यात इराण ३१-२१ असा हरला होता. त्याच इराणच्या मुलींनी २४ ऑगस्ट २०१८ रोजी जकार्तात भारताला २७-२४ असं हरवलं, तेव्हा त्यांच्या प्रशिक्षिका होत्या शैलजाताई. त्यांनी खेळाडूंशी बोलता यावं म्हणून फारसी शिकून घेतली, सरावात योगासनं आणि प्राणायाम आणला. प्राणायामाचं महत्त्व लालबाग-परळच्या कबड्डीवाल्यांना वेगळं सांगायला नको. चढाईला गेलेल्या मुलीचा घोटा कोपरारक्षकाने धरला, वर दोघी अंगावर आल्या, तरी बोटाचं टोक मध्यरेषेला लागेपर्यंत 'कबड्डी, कबड्डी' तुटता कामा नये. तिथे पायांइतकाच दम लागतो.

मूळ मजकुरात लेखिका 'आपण हरलो' आणि 'आपण जिंकलो' ही दोन्ही वाक्यं एकाच परिच्छेदात लिहिते. हस्तलिखित वाचताना मला ती चूक वाटली होती, मी पेन्सिलीने खूणही केली होती. मग खोडली. दादरच्या मैदानावर तीस वर्षं कॉलेजच्या मुलींना पकडी शिकवलेल्या बाईला ती दोन्ही वाक्यं एकदम खरी वाटली असणार. म्हणून ती जशीच्या तशी ठेवली आहेत. — संपादक