दवंडी : हिंगोलीची बोलती नोटीस

निजामी अमदानीच्या उत्तरकाळात सरकारदरबारची भाषा उर्दू आणि हिंगोलीकडील बहुसंख्य रयत मराठी व निरक्षर असल्यामुळे, चावडीवर डकवलेल्या जाहीरनाम्याहून हलगी वाजवीत गल्लोगल्ली पुकारलेली दवंडीच हुकूम घरोघर नेई; मात्र हे काम जातीच्या बंधनाने बहुधा महारांच्याच माथी येई, हे विसरता येत नाही.

सूचना सर्वांपर्यंत पोहोचवण्याचा तोच प्रश्न आजही उरतो. 1999 साली परभणीपासून विभक्त झालेल्या हिंगोली जिल्ह्याला 21 मार्च 2024 रोजी 4.5 तीव्रतेच्या भूकंपाने हादरविले. भूकंप पूर्वसूचना देत नाही; परंतु त्यानंतरची ‘छपराच्या पत्र्यावरील दगड उतरवा’ यासारखी सूचना किंवा कयाधू नदीच्या पुराचा इशारा कर्णबधिरास दिसला, अंधास ऐकू आला आणि बंजारा तांड्यावर त्यांच्या गोरमाटी बोलीत पोहोचला, तरच दवंडीचे अपुरे राहिलेले कार्य सिद्धीस जाईल.