वुमकर

माझं गाव चुडावा. परभणी जिल्हा, तालुका पूर्णा. पूर्णेहून नांदेडला जाताना मधे लागतं, पण खिडकीत बसलेल्यालाही आठवत नाही. हे नाव इंग्रजीत लिहिताना शेवटी 'व्ही' घालायचा की 'डब्ल्यू' यावर कुणाचंच एकमत नाही. माझ्या कागदपत्रांवर दोन्ही सापडतील. कामातही रोज हेच. दोन याद्या जुळवायला घ्याव्यात, तर एका अक्षराच्या फरकानं एका माणसाची दोन माणसं होऊन बसतात. म्हणून असेल कदाचित, पण गेल्या शनिवारी श्रीकृष्ण वेलिणकरबद्दल वाचताना मी लढाईपाशी थांबलोच नाही, थांबलो ते स्पेलिंगपाशी. (आता मराठीत तरी वेलिणकर लिहायचं की वेलिंगकर? घ्या, इथूनच सुरुवात!)

तर हा मुंबईचा मुलगा. जन्म १८९४. शिकायला म्हणून केंब्रिजच्या जीझस कॉलेजात गेला, आणि तो तिकडे असतानाच पहिलं महायुद्ध सुरू झालं. गड्यानं खाजगी शाळेत विमान चालवायचं शिक्षण घेतलं. पण ब्रिटिश सैन्यात अधिकारी व्हायचं तर माणूस 'शुद्ध युरोपीय वंशाचा' हवा! १९१७ मध्ये ही अट जरा सैल झाली आणि चार हिंदी तरुण लढाऊ वैमानिक झाले: हरदित सिंग मलिक, इंद्रलाल रॉय, एरॉल सेन आणि आपला वेलिणकर. मलिक आणि सेन वाचले. रॉय १९ वर्षांचा असताना २२ जुलै १९१८ ला पडला, शत्रूची १० विमानं त्याच्या नावावर होती, पुढे टपालाच्या तिकिटावरही आला. वेलिणकर फारसा कुठे आला नाही.

तो २३ नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये सॉपविथ डॉल्फिन उडवायचा. विमान मोठं विचित्र. वरचा पंख इतका खाली की वैमानिकाचं डोकं त्यातल्या मोकळ्या चौकटीतून वर निघालेलं असायचं. वर दिसायचं झकास, पण उतरताना विमान उलटलं की आधी काय आपटणार ते सांगायला नको.

२७ जून १९१८ ला उड्डाणावर गेला तो परत आला नाही. ब्रिटिशांच्या दप्तरी नोंद झाली, 'बेपत्ता'. प्रत्यक्षात तो जखमी होऊन जर्मन हद्दीत पडला होता आणि ३० जूनला त्यांच्याच इस्पितळात गेला. वय २३. जर्मनांनी रीतसर पुरलं, हुद्दा लिहिला, नावही लिहिलं. फक्त ते नाव झालं 'एस. सी. वुमकर'.

मी ते कागदावर इंग्रजीत गिचमिड अक्षरात लिहून पाहिलं. पहिला 'डब्ल्यू' शाबूत, शेवटचं 'कर' शाबूत. मधल्या ई, एल, आय, एन या अक्षरांच्या उभ्या रेघा एकमेकींत मिसळल्या की दिसतो सरळ 'यू' आणि 'एम'. असंच झालं असेल, हा माझा तर्क. पण 'कर' वाचलं बघा! दादरच्या कुठल्याही म्हाताऱ्यानं ते नाव पाहून विचारलं असतं, हा आपला पोरगा तिथे कसा? फ्रान्समधल्या त्या कबरीपाशी असा म्हातारा कुठून येणार. युद्धानंतर कर्नल बार्टन या ब्रिटिश अधिकाऱ्यानं शोध घेतला, तेव्हा कुठे वुमकरचा वेलिणकर झाला. आज हॅंगार्ड गावच्या दफनभूमीत त्याच्या नावाचा दगड आहे.

असो. त्याला शोधायला एक कर्नल तरी होता, कारण तो अधिकारी होता. त्याच युद्धात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, लढत होत्या. कूतच्या वेढ्यात अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली, तेव्हा उरलेले कैदेत गेले. तिकडे मेलेल्यांसाठी १९२९ मध्ये बसऱ्याला मोठं स्मारक उभं राहिलं. त्यावर अधिकाऱ्यांची नावं आहेत. हिंदी शिपायांची नाहीत. पलटणीचं नाव आणि पुढे नुसता आकडा. अशी वागणूक देणं चूक होतं, हे युद्धस्मारकं सांभाळणाऱ्या ब्रिटिश आयोगानं २०२१ मध्ये कबूल करून माफी मागितली.

त्या आकड्यांत सातारा-रत्नागिरीकडची किती पोरं असतील. त्यांची नावं निदान चुकीची तरी कोरली असती, तर आज कुणीतरी कागद घेऊन मधली अक्षरं जुळवत बसलं असतं.